लष्कराच्या भाकऱ्या मार्केट बोर्डवर

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी फायनल फॅन्टसी १४ खेळते आणि तिचा सगळा जीव कलिनेरियनमध्ये, म्हणजे गेममधल्या स्वयंपाकात. आठ जणांचा ठरलेला रेड ग्रुप आहे (रेड म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठे बॉस मारायचे), आठवड्यातून दोन रात्री बसतात. सगळ्यांचं रेडचं जेवण तीच बनवते आणि नगाला ३०० गिल (गेममधलं चलन) घेते, तिच्या मते ही 'कॉस्ट प्राइस' कारण अर्धं मटेरियल ती स्वतः गोळा करते. बाजारात तेच ६००च्या पुढे जातं. मागच्या महिन्यात ग्रुपमधल्या एकाने स्क्रीन शेअर केली आणि त्याच्या रिटेनरचं, म्हणजे प्लेअरचा माल विकणाऱ्या गेममधल्या नोकराचं, नाव तिला ओळखीचं वाटलं. तेच नाव तिने मार्केट बोर्डवर, म्हणजे गेममधल्या बाजारात, पाहिलं होतं, तिच्याच पदार्थाखाली, ६२०ला, पाच-पाचच्या स्टॅकमध्ये (गठ्ठ्यांत). तो स्वतः काहीच शिजवत नाही. तिने त्याला अजून विचारलेलं नाही. इकडे तिचे ९९चे स्टॅक पडून आहेत, कोणीतरी सतत एका गिलने खाली येतं म्हणून ती दुपारी जेवताना फोनवरच्या कम्पॅनियन अ‍ॅपमधून भाव बदलते आणि रेड संपल्यावर परत तासभर क्राफ्ट करत बसते. त्यात एका अनोळखी प्लेअरने गिल खऱ्या पैशात विकत घेऊ का असा मेसेज टाकला. प्रश्न: ग्रुपला देणं बंद करू, सगळ्यांना बाजारभाव लावू, की स्वयंपाकच सोडू? सही, 'दमलेली कूक'.

दमलेल्या कूकबाई,

तुझं पत्र वाचून आधी कॅल्क्युलेटर उघडला. ६२०ला विकलं, त्यातून बोर्डाचे ५ टक्के गेले की उरले ५८९, तुला दिलेले ३०० वजा, म्हणजे नगामागे २८९. महिन्यात तीस नग विकले असं धरू (तू आकडा दिलेला नाहीस पण पाच-पाचचे सहा स्टॅक म्हणजे असेच होतील) तर त्याला सुटले ८,६७० गिल. आता टेलिपोर्टला (एका जागेहून दुसरीकडे झटकन जायला) एका वेळी जास्तीत जास्त ९९९ गिल लागतात हे तुला माहितीच आहे. म्हणजे तुझ्या मित्राने तुझा विश्वास विकून आठ-नऊ लांबचे टेलिपोर्ट कमावले. हे तुला हसवायला सांगत नाहीये, खरंच नाही. सांगतोय कारण तू पत्रात तीनदा 'त्याने मला लुटलं' लिहिलंयस आणि मला वाटतं तुला गिलचं काही पडलेलं नाही. तुला लागलंय ते वेगळं, की तू रात्री साडेअकराला रेड संपल्यावर सगळे झोपायला गेले तरी त्यांच्यासाठी मॅक्रो (शिजवण्याच्या सगळ्या पायऱ्या एका बटणात) दाबत बसतेस आणि त्यातल्या एकाला तो फक्त स्वस्त माल वाटला.

लागणारच. पण आता जरा त्याच्या बाजूने बघू, दोन मिनिटं रागावू नकोस. तू ३००ला दिलंस तेव्हा काही सांगितलं होतंस का, की हे खायलाच आहे, विकायचं नाही? पत्रात तरी तसं दिसत नाही. तुझ्या डोक्यात ती घरची पंगत होती. त्याच्या डोक्यात ते दुकान असणार, कारण तू पैसे घेतलेस. फुकट दिलं असतंस तर मला नाही वाटत त्याला विकायची हिंमत झाली असती, भाव लावला की समोरच्याला वाटतं व्यवहार झाला, संपला, आता माल माझा. अर्धवट भावाची ही भानगड आहे, बाजारातला दुकानदार तुला आपला मानत नाही आणि मित्र तुला यजमान मानत नाहीत. तो आयत्या बिळावरचा नागोबा आहे यात वाद नाही, पण बीळ उघडं कोणी ठेवलं हेही बघ.

आता त्या ३००बद्दल. तू लिहितेस 'अर्धं मटेरियल मी स्वतः गॅदर करते म्हणजे ते फुकट', आणि हे वाक्य मला इतक्या जणांनी इतक्या गेम्सबद्दल लिहिलंय की माझ्याकडे त्याचा संग्रह होईल. फुकट नाहीये गं ते. तू खणलेलं, तोडलेलं, पकडलेलं जे काही आहे ते जसंच्या तसं बोर्डवर टाकलं असतंस तर कोणीतरी घेतलंच असतं, तो भाव म्हणजे तुझा खर्च. पदार्थात घातलंस म्हणजे तू ते स्वतःलाच विकलंस. एकदा बसून सगळ्या मटेरियलचा बोर्डवरचा भाव बेरीज करून बघ, क्रिस्टल धरून, आणि एका क्राफ्टमधून तीन नग निघतात म्हणून तीनने भाग. नगाला ३०० येतात, २०० येतात की ४५० येतात हे मला माहीत नाही पण तुलाही माहीत नाही, हाच मुद्दा आहे. कदाचित तू ग्रुपला नगामागे दीडशे गिल पदरचे घालून देत असशील आणि वर 'कॉस्ट प्राइस घेते' म्हणून मनात अपराधी वाटून घेत असशील.

हिशेब उलटाही निघू शकतो बरं का, म्हणजे मटेरियल तयार पदार्थापेक्षा महाग. नवीन माणसाला हे खोटं वाटतं. मी ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये सुरुवातीला वाईन करायचो. पाण्याचा जग आणि द्राक्षं, ३५ लेव्हलला जमायला लागते, बारा सेकंदांत आंबते, एका जगाला कुकिंगचे २०० एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण). मी खुशीत हजारभर जग घेऊन ग्रँड एक्स्चेंजला, म्हणजे तिथल्या बाजारात, गेलो आणि कळलं की द्राक्षांना दिले तेवढेही परत येत नाहीत. कारण सोपं होतं, तिथे वाईन कोणी पिण्यासाठी करतच नाही, सगळे एक्सपीसाठी करतात आणि जे हातात उरतं ते टाकून दिल्यासारखं विकतात. एक्सपी हा मुख्य माल आणि वाईन हा भुसा. जिथे लोक लेव्हल वाढवायला काहीतरी बनवतात तिथे त्या पदार्थाचा भाव कायम मेलेला असतो आणि तिथे कष्ट करून फायदा काढायचा हट्ट धरू नये. तुझं टॉपचं रेड फूड यातलं नाही सुदैवाने, पण लेव्हलिंगच्या वाटेवरचे जे पदार्थ तू 'उरलेत म्हणून' लिस्ट केलेयस आणि जे तुझ्या वीसपैकी सात जागा अडवून बसलेत, ते बहुतेक यातलेच. काढ ते.

आता मला पत्रातली सगळ्यात रंजक गोष्ट बोलू दे, जी तू ओझरती लिहून पुढे गेलीस. त्याचे पाच-पाचचे स्टॅक गेले आणि तुझे ९९चे पडून राहिले. आणि तो तुझ्यापेक्षा स्वस्तही नव्हता! तू ५९८ला होतीस, तो ६२०ला.

हे कसं झालं? या बोर्डवर स्टॅक फोडून घेता येत नाही. ९९ लिस्ट केलेस तर घेणाऱ्याला ९९च घ्यावे लागतात, म्हणजे तुझ्या दराने एका झटक्यात एकोणसाठ हजारांच्या वर. एक पदार्थ अर्धा तास टिकतो, दुसरा खाल्ला की वेळ वाढून फार तर तासापर्यंत जाते, मेलं तरी बफ (खाल्ल्याने मिळालेली ताकद) जात नाही. तीन तासांच्या रात्रीला माणशी सहा लागतात. मग रेडला पाच मिनिटं राहिलेली असताना, व्हॉइसवर बाकीचे सात जण 'आलास का' विचारत असताना धावत बोर्डपाशी आलेला माणूस ९९ का घेईल? तो पाचचा एक स्टॅक बघतो, ३,१०० गिल, क्लिक, पळाला. नगामागे बावीस गिल जास्त गेले हे त्याने पाहिलंही नसेल. त्याने पदार्थ नाही घेतला, त्याने ग्रुपसमोरची लाज वाचवली आणि स्वतः शिजवण्याचा अर्धा तास वाचवला. तू ज्याला माझी मेहनत म्हणतेस तिच्याशी त्या ६२०चा काहीही संबंध नाही. तू चार तास घाम गाळलास की चाळीस मिनिटांत उरकलंस, तो तेवढेच देणार. वाईट वाटेल पण एकदा हे आत उतरलं की भावाशी भांडणं आपोआप कमी होतं.

थोडक्यात तुझ्या त्या मित्राला स्वयंपाक येत नाही पण गिऱ्हाईक कळतं. रागावर हा उतारा नाही हे मान्य, पण शिकून घ्यायला काय हरकत आहे.

सगळ्याच गेममध्ये हे असंच चालतं असं नाही, म्हणून इतर वाचकांसाठी थोडं विषयांतर. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये अशा मालातून हवे तेवढे नग उचलता येतात, तिथे स्टॅकची हुशारी चालत नाही आणि २०२२पासून तर तो बाजार सर्व्हरपुरता न राहता अख्ख्या रीजनचा एक झाला, त्यामुळे 'माझ्या सर्व्हरवर मीच एकटा कूक' हे सुख संपलं. शिवाय तिथे एकाने मेजवानी मांडली की पूर्ण रेड त्यातून जेवते, मग गिऱ्हाईक मोजताना माणसं नाही ग्रुप मोजायचे. गिल्ड वॉर्स २मध्ये लिस्ट करतानाच ५ टक्के जातात आणि विकल्यावर आणखी १०, आणि ते पहिले ५ माल परत काढला तरी मिळत नाहीत, त्यामुळे तिथे तासातासाला भाव बदलणारा स्वतःच्याच खिशाला भोक पाडतो. अल्बियन ऑनलाइनमध्ये प्रत्येक शहराचा बाजार वेगळा, एका शहरात स्वस्त घेऊन दुसरीकडे नेताना धोक्याच्या वाटेवर कोणी मारलं तर माल गेला, म्हणजे भावातल्या फरकात नेणाऱ्याच्या जिवाची किंमत धरलेली असते. ब्लॅक डेझर्टमध्ये व्हॅल्यू पॅक (सवलतींचा खास पॅक) नसेल तर मार्केट ३५ टक्के कापतं, पण तिथे बिअर बारा महिने खपते कारण ती पिणारे प्लेअर नाहीत तर त्यांचे वर्कर आहेत, आणि वर्कर नवीन पॅचची वाट बघत थांबत नाहीत. कुठल्याही गेममध्ये दुकान मांडण्याआधी हे तीनच प्रश्न विचारायचे, कर किती आणि कधी कापतात, माल फोडून घेता येतो का, आणि खाणारा रोज खातो की फक्त सीझनला.

तुझा खाणारा सीझनवाला आहे. गेमची ७.० आवृत्ती आली २ जुलै २०२४ला आणि त्याची सॅव्हेज (अवघड पातळीची) रेड आली ३० जुलैला, मध्ये चार आठवडे. पुढच्या वेळी ७.२ आलं २५ मार्च २०२५ला आणि सॅव्हेज १ एप्रिलला, फक्त एक आठवडा. त्या एका आठवड्यात नवीन रेसिपी उघडून, मटेरियल जमवून ज्याने माल तयार ठेवला त्याला पहिल्या काही दिवसांत हवा तो भाव मिळतो, कारण तेव्हा सगळे वाइप होत (अख्खा ग्रुप मरून पुन्हा सुरुवात करत) असतात आणि दर अर्ध्या तासाला खात असतात. दोन महिन्यांनी तेच लोक आठवड्याच्या क्लिअरला एखादा तास येतात, दोन नग खातात आणि जातात. तू मला जो 'भाव पडत चाललाय, काहीतरी चुकतंय' असं लिहिलंयस ते चुकणं नाही, ते कॅलेंडर आहे. पडत्या बाजारात रोज रात्री तासभर क्राफ्ट करून तू काय मिळवतेयस? मंगळवारी रीसेट झाल्यावर (रेडचा नवा आठवडा सुरू झाल्यावर) मागणी असते तेवढ्यापुरता माल लाव, आठवड्याच्या उरलेल्या दिवशी रिटेनरला बोलवायच्या बेलकडे फिरकूही नको.

एका गिलने अंडरकट करणाऱ्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लिस्ट स्वस्त ते महाग लागते, त्याला वर यायचंय, तो एक गिल कमी करतो, तूही तेच करतेस, यात दुष्टपणा कोणाचाच नाही. तू जेवताना फोन काढून भाव ५९७ करतेस ही मात्र तुझी स्वतःची निवड आहे, ती त्याच्यावर ढकलू नकोस. एक कर, पदार्थावर क्लिक करून विक्रीची हिस्टरी बघ. दिवसाला चाळीस नग जात असतील आणि तुझ्यावर पंचवीसच नग असतील तर त्याला विकू दे, संपेल त्याचं, मग तुझं जाईल. पण तुझ्यावर पाचशे नगांचा ढीग असेल तर एक गिल कमी करून काही होणार नाही, तेव्हा सरळ माल काढून घ्यायचा आणि दुसरं काही लावायचं. आणि युनिव्हर्सॅलिसवर (प्लेअरनी पाठवलेले भाव दाखवणारी वेबसाइट) भाव बघत असशील तर ती माहिती कोणी शेवटची कधी पाठवली ती वेळ आधी वाच. कालचा भाव बघून आज लिस्ट केलेले लोक मी खूप पाहिलेत, त्यात मीही आहे.

आता मुख्य दुखणं, ग्रुप.

तुझ्यापुढचे तीन रस्ते तू लिहिलेस त्यातला 'सगळ्यांना बाजारभाव' मला सगळ्यात वाईट वाटतो. एकाने विकलं म्हणून सहा जणांना शिक्षा, आणि कारण तू सांगणार नाहीस, मग डिस्कॉर्डवर 'हिला काय झालं' सुरू होणार. शिवाय बाजारभावानेच घ्यायचं तर ते बोर्डवरूनच घेतील, तुझ्याकडे येण्याचं कारण काय? देणं एकदम बंद करणं त्यातल्या त्यात बरं, पण तुला ते झेपणार नाही, तू दोन आठवड्यांत परत भाकऱ्या भाजायला बसशील. तुला ते आवडतं हे पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसतंय.

मी काय करेन सांगतो. पैसे घेणं बंद. पूर्ण बंद, ३००ही नाही. त्याऐवजी मटेरियल ग्रुपने आणायचं आणि तू शिजवायचं. हिशेब करून दाखवतो, आठ माणसं, तीन तास, माणशी सहा, म्हणजे अठ्ठेचाळीस नग, तीनने भागले की सोळा क्राफ्ट. एका क्राफ्टचा मॅक्रो पाऊण मिनिटाचा धरला तर बारा मिनिटं. बारा मिनिटं, बाई! तुझे रात्रीचे तास ग्रुपमध्ये जातच नाहीयेत, ते जातायत बोर्डवरच्या ९९च्या ढिगात आणि मटेरियल फार्म करण्यात, आणि तू राग ग्रुपवर काढतेयस. सोळा क्राफ्टचं मटेरियल आठ जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन क्राफ्टपुरतं येतं, गोळा करा नाहीतर विकत घ्या, आणायचं. ज्याने नाही आणलं त्याने बोर्डवरून घ्यावं, कुरकुर नाही.

आणि वाटायचं कसं, तर रेडच्या रात्री, त्या रात्रीपुरतं. आठवड्याचे तीस एकदम हातात दिले की त्यातले अठरा उरतात आणि उरलेल्याचं काय करायचं हा मोह तिथेच जन्मतो. सहा दिले, सहा खाल्ले. कोणावर संशय घ्यायला नको, नियम सगळ्यांना सारखा, आणि विकायला उरतंच काय?

त्याच्याशी बोलायचं की नाही? बोल, पण एकटं गाठून, सगळ्यांसमोर नाही, आणि स्क्रीनशॉटचा पुरावा वगैरे कोर्टासारखं काही नको. 'अरे तुझ्या रिटेनरचं नाव दिसलं बोर्डवर, मी ग्रुपसाठी केलेलं विकत होतास ना? मला ते आवडलं नाही, मी ते खायला देत होते' एवढंच म्हण आणि गप्प बस. गप्प बसणं महत्त्वाचं. तू लगेच 'जाऊ दे चालतं रे' म्हणणार हे मला पत्रावरून कळतंय, म्हणून आधीच सांगतोय. तो ओशाळला तर विषय संपला. तो म्हणाला 'मग काय झालं, मी पैसे दिले होते' तर त्याचा मुद्दा अगदीच चूक नाही, फक्त तुला कळेल की हा माणूस बॉसला मारताना भरवशाचा आहे, बाकी वेळी नाही, आणि अशी माणसंही रेड ग्रुपमध्ये लागतात. आणि समजा त्याला खरंच विकायची आवड आहे, तर उलट विचारून बघ की माझे स्टॅक कुठल्या वेळी कितीचे लावू, कारण त्याला ते जमतं आणि तुला नाही. काही जणांचं यावरूनच नीट जुळतं, एक शिजवतो एक विकतो, नफा निम्मा निम्मा, आणि तुला परत फोनवर भाव बदलावा लागत नाही. पण ही ऑफर राग उतरल्यावर द्यायची, या आठवड्यात नाही.

खऱ्या पैशांवाला मेसेज: उत्तर देऊ नको, रिपोर्ट कर, ब्लॉक कर. गेमच्या नियमांत ते बसत नाही, अकाउंट जातं, आणि गेलं की त्यातलं सगळं जातं. कोणाला वाटत असेल की कंपनीनेच अधिकृत केलं तर काय बिघडतं, तर डायब्लो ३मध्ये २०१२ साली खऱ्या पैशांचं ऑक्शन हाऊस उघडलं होतं आणि मार्च २०१४मध्ये बंद केलं, राक्षस मारून लूट मिळवण्यापेक्षा दुकानात बसणं सोयीचं झालं म्हणून.

स्वयंपाक सोडायचा का, याचं उत्तर मी देणार नाही कारण तू तो प्रश्न दमून विचारलायस. फोनवरचं ते अ‍ॅप मात्र काढून टाक, आजच. लेव्हलिंगवाले सात पदार्थ उतरव, ९९चा एक स्टॅक फोडून सहा-सहाचे पाच लाव, सहाचे कारण एका रात्रीला सहाच लागतात, भाव ६२०च ठेव आणि बुधवारपर्यंत हात लावू नकोस. किती गेले ते मला कळव.